दोसा मिकाकुनिन

टोकियोत मी राहतो निशी-कसाईत. इथे इतके भारतीय इंजिनियर आहेत की 'डोसा' हा शब्द कानावर पडला तर दचकायला होत नाही. त्यामुळे नाकानो ब्रॉडवे या बाजारसंकुलातल्या एका जुन्या व्हिडिओ खेळांच्या दुकानात गेमबॉय या हातात धरायच्या खेळयंत्राच्या कॅसेटवरच्या चिठ्ठीवर बोट ठेवून दुकानदार "दोसा मिकाकुनिन" म्हणाला, तेव्हा मी मान डोलावून पैसे दिले. घरी येऊन कळलं, त्याचा अर्थ 'चालतं की नाही, पाहिलेलं नाही'. कॅसेट अर्थातच चालली नाही. निशी-कसाईहून नाकानोला तोझाई लाईन थेट जाते, गाडीसुद्धा बदलावी लागत नाही. माझ्या अधोगतीचं खरं कारण हेच.

चाललेली पहिली कॅसेट म्हणजे पोकेमॉनची हिरवी, १९९६ सालची. ही हिरवी त्या रूपात जपानबाहेर कधी गेलीच नाही, म्हणून ती मला हवी. ती वाचता येत नाही, ही अडचण संग्राहकाला घरी आल्यावर आठवते.

खेळाडूचं नाव टाकायचा पडदा आला आणि मी थबकलो. अ, इ, उ, ए, ओ. खाली का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा. अरे, ही तर आपली बाराखडी! बौद्ध भिक्षूंनी संस्कृतच्या अभ्यासासोबत हा क्रम तिकडे नेला. 'च'च्या जागी 'सा' आणि 'प'च्या जागी 'हा' बसलाय, एवढंच. त्या जुन्या खेळात कांजी, म्हणजे चिनी चित्राक्षरं नाहीत, सगळं पोराटोरांच्या 'काना' लिपीत. पंधरा दिवसांत मी घडाघडा वाचू लागलो. मंत्रपुष्पांजली म्हणतो तसं: आवाज खणखणीत, अर्थ देवाला ठाऊक.

खेळ जतन कुठे करायचा, हे शोधण्यात एक रविवार गेला. त्या मेनूत 'सेव्ह' नाहीच. आहे 'रेपोतो', म्हणजे रिपोर्ट. आठवडाभर ऑफिसात रिपोर्ट लिहिणाऱ्या माणसाला सुट्टीत तिकडे बोट न्यावंसं वाटेल का?

सुरुवातीचे दोन पर्याय असे: 'त्सुझुकी कारा हाजिमेरु' आणि 'साइशो कारा हाजिमेरु'. पहिल्याचा अर्थ पुढे चालू, दुसऱ्याचा अर्थ मुळापासून. शेपूट तेच, डोकं तेवढं वेगळं. सव्वा महिन्यानंतर एका रात्री, झोपेत, मी दुसरा निवडला. खेळातले प्रोफेसर पुन्हा स्वागताला आले. मला वाटलं, काय ही जपानी अगत्याची रीत! थोडं खेळून रिपोर्ट लिहायला गेलो, तर त्यानं काहीतरी विचारलं. खाली दोन उत्तरं: 'हाइ' आणि 'इइए', हो आणि नाही. मीटिंगमध्ये समजो न समजो 'हाइ' म्हणून मी इथे नोकरी टिकवली आहे. दाबलं 'हाइ'. जुना खेळ पुसू का, असं बिचारा विचारत होता.

बायको म्हणाली, "विचारलं होतं ना त्यानं?" तिला जपानी येतं.

शहाण्यानं इथे थांबावं. मी जूनमध्ये 'शिन बोकुरा नो ताइयो' या खेळाची कॅसेट घेतली. कोनामी कंपनीची, २००५ची. हिचे आधीचे दोन भाग इंग्रजीत आले, हा तिसरा मात्र जपानातच राहिला. कॅसेटलाच ऊन ओळखणारा सेन्सर आहे. खरं ऊन दाखवलं की खेळातली बंदूक भरते, मग पिशाच्चं मारायची. घरातल्या दिव्याला माझी कॅसेट भीक घालेना. आणि जूनमध्ये टोकियोत त्सुयु, म्हणजे पावसाळा. छत्री धरून बाल्कनीत उभा राहिलो. पिशाच्चं मजेत, मला सर्दी.

पुढच्या मे महिन्यात सुट्टीला सोलापूरला गेलो, तेव्हा कॅसेट मोज्यात गुंडाळून नेली. दुपारी गच्चीवर गेलो. उन्हाची पट्टी क्षणात टोकाला! टोकियोत वर्षभर न मेलेली पिशाच्चं सोलापुरात एकेका गोळीत आडवी झाली. शेजारी आईच्या कुरडया वाळत होत्या, आणि कावळे हाकलून त्या उलटायचं काम अर्थातच माझ्याकडे होतं.

पडद्यावर पुन्हा कसलासा प्रश्न आला. 'हाइ' की 'इइए'? मी अक्षरं लावत बसलो. खालून आईची हाक आली, "कुरडया उलटल्यास का रे?"

"हाइ!" मी ओरडलो.

कुरडया होत्या तशाच पडल्या होत्या. खाली आई मात्र शेजारच्या काकूंना कौतुकानं सांगत होती, "बघा, एवढी वर्षं परदेशात, पण 'हाय' म्हणायचं इसरला नाही."