चित्रांचा दर विचारण्याआधी डमी करा

"गोष्ट तयार आहे. १६ पानं आहेत. पानाला एक चित्र. एका चित्राचे किती घ्याल?"

मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रं काढणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाला असा निरोप येतो. पाठवणारा मनापासून लिहिणारा असतो. बऱ्याचदा पदरमोड करून पुस्तक काढणारे शिक्षक असतात, कधी छोटे प्रकाशक. त्यांच्या हेतूबद्दल शंका नाही. पण या प्रश्नात असं धरून चाललेलं असतं की मजकूर झाला, पानं पाडून झाली, आता मोकळ्या जागा भरायच्या तेवढ्या राहिल्या. चित्रपुस्तकात मजकूर, पानं आणि चित्रं एकमेकांना धरून ठरतात आणि ती ठरतात डमीवर, म्हणजे पुस्तकाच्या कच्च्या कागदी नमुन्यावर. म्हणून माझा आग्रह आहे की डमी हे वेगळं काम मानावं, त्याला वेळ द्यावा आणि त्याचे वेगळे पैसे द्यावेत.

डमीला सामान काहीच लागत नाही. ए-फोर आकाराचे चार कागद एकावर एक ठेवा, मधोमध दुमडा, घडीवर दोन पिना मारा. १६ पानं झाली. आठ कागद घेतले तर ३२. आता पानांवर आकडे घाला आणि गोष्टीला किती जागा उरते ते बघा. पान १ शीर्षकाला गेलं. पान २ प्रकाशकाचा पत्ता, आवृत्ती आणि हक्कांना. गोष्ट सुरू होते पान ३ वर. समोरासमोरची पानं, म्हणजे स्प्रेड, ४-५ पासून १४-१५ पर्यंत सहाच. पान १६ एकटं पडतं. १६ पानांचं पुस्तक म्हणतो तेव्हा गोष्टीच्या हातात सहा स्प्रेड आणि दोन सुटी पानं एवढाच ऐवज असतो. पत्ता आणि हक्कांचा मजकूर मलपृष्ठाच्या आतल्या बाजूला हलवला तर २-३ मोकळं होतं आणि सातवा स्प्रेड मिळतो. चित्रं रंगवून झाल्यावर हे सुचलं तर त्याचा काही उपयोग नसतो.

पिनेच्या पुस्तकात आणखी एक गोष्ट डमीच शिकवते. १६ पानांत फक्त ८-९ हा मधला स्प्रेड एका अखंड कागदावर छापला जातो. बाकीच्या प्रत्येक स्प्रेडची डावी आणि उजवी बाजू वेगवेगळ्या कागदांवर असते. घडीत मिलिमीटरभर फरक पडला की डोंगराची रेघ तुटते आणि एका बाजूचं आभाळ दुसरीपेक्षा गडद दिसतं. गोष्टीतलं सगळ्यात मोठं, आडवं पसरलेलं दृश्य ८-९ वर आणता आलं तर आणावं. चेहरा, हात, मजकुरातला शब्द यांपैकी काहीही घडीवर येऊ देऊ नये. पुस्तक पिनेऐवजी चिकटबांधणीचं असेल तर घडीजवळचा सेंटीमीटरभर भाग दोन्ही बाजूंनी आत गिळला जातो, तिथे नुसतं गवत किंवा भिंत ठेवावी.

आता पान उलटण्याबद्दल, कारण चित्रपुस्तकाचा जीव तिथे असतो. उजव्या पानाच्या शेवटी मुलाच्या मनात काहीतरी अडकलं पाहिजे आणि ते पुढच्या डाव्या पानावर सुटलं पाहिजे. मराठी इथे आपल्याला मोठी मदत करते, कारण आपलं क्रियापद शेवटी येतं. "आजीने डब्याचं झाकण उघडलं, तर आत..." इथे पान संपवा. उलटल्यावर "बेडूक बसला होता!" वाक्य मध्येच तोडल्यासारखं वाटत नाही, कान आपोआप पुढचं मागतो. इंग्रजीतून भाषांतरित केलेल्या चित्रपुस्तकांत नेमकी इथेच गडबड होते. मूळ वाक्यात क्रियापद आधी आणि बेडूक शेवटी असतो, पानं त्या क्रमाने पाडलेली असतात, आणि मराठी वाक्य सरळ लिहिलं की गुपित एक पान आधी फुटतं. अशा वेळी भाषांतरकाराने पानांचे फोटो समोर ठेवून वाक्यं नव्याने बांधावीत. नुसत्या वर्ड फाइलवरून चित्रपुस्तकाचं भाषांतर मागणं हा त्या भाषांतरकारावर अन्याय आहे.

डमीवर पेन्सिलीने रेखाटनं झाली की मजकूर मोठ्याने वाचा. काही वाक्यांची गरजच उरलेली नसते. "लाल फ्रॉक घातलेली मिनू निळी छत्री घेऊन पावसात उभी होती" या वाक्यातला फ्रॉक, लाल, निळी, छत्री, पाऊस आणि उभी राहणं हे सगळं चित्र सांगतं. "मिनू वाट बघत होती" एवढं पुरतं, कारण ती वाट बघतेय हे चित्र सांगत नाही. लेखकाला आपले शब्द कापलेले लागतात, ते साहजिक आहे. पण उरलेले शब्द मग खरोखर ऐकू येतात. माधुरी पुरंदरे यांच्यासारखं लेखन आणि चित्रं दोन्ही एकाच हातात असलं की ही वाटणी आतल्या आतच होते. दोन माणसं असतील तर ती डमीसमोर बसून करावी लागते आणि संपादकाने मध्ये असावं लागतं.

पात्रांचा तक्ता डमीनंतर लगेच करावा. समोरून, बाजूने, पाठमोरं, बसलेलं, पळणारं, रडणारं. मोठ्या माणसाची उंची त्याच्या डोक्याच्या साडेसातपट धरतात, सहा वर्षांच्या मुलाची साधारण सहापट. हे न पाळल्यामुळे कितीतरी पुस्तकांत मूल म्हणजे लहान केलेला मोठा माणूस दिसतं. तक्त्यात रंगही ठरवून टाका: रिबीन कोणती, दप्तर कोणत्या खांद्यावर, आजीच्या लुगड्याचा काठ कसा. सहाव्या स्प्रेडवर रिबीन बदलली तर मोठ्यांच्या लक्षात येत नाही, पण मूल पहिल्या वाचनात बोट ठेवतं.

संगणकावर चित्र आरशातल्यासारखं पालटण्याची सोय आहे आणि ती फार घात करते. पात्र डावीकडून उजवीकडे चाललं तर गोष्ट पुढे जाते असं वाटतं, म्हणून घाईत चित्र पालटलं जातं. मग डाव्या नाकपुडीतली नथ उजवीकडे जाते, पदर उजव्या खांद्यावर येतो, जेवणारं मूल डाव्या हाताने जेवू लागतं. मूल डावखुरं असेल तर ते मुद्दाम दाखवावं, चांगलंच आहे. अपघाताने नको.

संदर्भचित्रांबद्दल मी जरा हट्टी आहे. आंतरजालावर खार शोधली तर झुपकेदार शेपटीची तांबूस परदेशी खार समोर येते. आपल्या अंगणातल्या खारीच्या पाठीवर पट्टे असतात. आपला घरकावळा सगळा काळा नसतो, त्याची मान राखाडी असते. बाजरीचं कणीस लांब दंडगोल असतं, ज्वारीचं भरगच्च आणि फुगीर. कोकणातलं घर चिऱ्याचं आणि कौलारू, तर मराठवाड्यातलं जुनं घर धाब्याचं, सपाट माथ्याचं. यंत्राकडून (एआयकडून) चित्रं बनवून घेणाऱ्यांच्या पुस्तकांत हे तपशील बऱ्याचदा चुकतात, वर पानागणिक मुलीचा चेहराही थोडा बदलू शकतो. मूल पुस्तकातली खार बघून अंगणात शोधतं. तिथे ती सापडली पाहिजे, यासाठी एक सकाळ बाहेर बसून रेखाटनं करायला हरकत नसावी.

आकार ठरवताना आधी छापखान्यात जाऊन कागदाचा आकार विचारा. २० बाय ३० इंची कागदाचे आठ भाग केले की साडेसात बाय दहा इंचांचं पान पडतं, छाटून सव्वासात बाय साडेनऊ. याला क्राऊन म्हणतात आणि यात कागद जवळजवळ वाया जात नाही. चौकोनी पुस्तक दिसायला गोड असतं म्हणून अनेकांना साडेआठ बाय साडेआठ हवं असतं. २३ बाय ३६ च्या कागदावर एका बाजूला अशी आठ पानं बसतात आणि पाच-सहा इंच रुंदीची लांब पट्टी कचऱ्यात जाते. त्याच कागदात साडेआठ बाय पावणेअकराची आठ पानं बसली असती. चौकोन गोष्टीला खरंच हवा असेल तर जरूर घ्या, पण पैसे कशाचे जातायत ते माहीत असू द्या. प्रत्येक चित्र छाटरेषेच्या बाहेर चारही बाजूंनी ३ मिलिमीटर वाढवून रंगवा. ही वाढ नसली की कटिंगच्या वेळी कडेला पांढरी चीर उरते आणि मग छापखान्याला दोष दिला जातो.

मजकुराची जागाही डमीवरच राखायची असते. नुकतं वाचायला लागलेल्या मुलांसाठी देवनागरी अक्षर १८ ते २० पॉइंट हवं. दोन ओळींतलं अंतर अक्षराच्या दीडपट तरी ठेवा, कारण वरच्या ओळीचा उकार आणि खालच्या ओळीची वेलांटी एकमेकांत अडकतात. ओळी दोन्ही कडांना ताणून बसवू नका, शब्दांमध्ये खिंडारं पडतात. डावीकडून सरळ लावा आणि ओळ अर्थाला धरून तोडा. "आजी हळूच" एका ओळीत आणि "म्हणाली" खाली असं होऊ देऊ नका. ल आणि श यांची मराठी वळणं बघून घ्या. पाकळीचा ल आणि देठाचा श महाराष्ट्र शासनाच्या २००९ च्या शासननिर्णयात आहेत आणि मूल शाळेत तेच गिरवतं. अनेक फॉन्टमध्ये आधी हिंदी वळण दिसतं, मराठी वळण आत दडलेलं असतं. पुस्तक मांडण्याच्या इनडिझाइन या सॉफ्टवेअरमध्ये भाषा मराठी निवडली आणि वर्ल्ड-रेडी कंपोझर हा पर्याय लावला की बऱ्याच फॉन्टमध्ये ते बाहेर येतं. जुन्या फॉन्टमधून युनिकोडमध्ये मजकूर आणला असेल तर रफार आणि जोडाक्षरं पुन्हा एकदा डोळ्यांनी तपासा.

रंगीत छपाईच्या चार शाईंपैकी मजकूर फक्त काळ्या शाईत ठेवा, शंभर टक्के काळा आणि बाकी तीन रंग शून्य. चार रंगांतून बनवलेला काळा असेल तर प्लेट (प्रत्येक शाईचा छपाईचा पत्रा) केसभर सरकली तरी अक्षराभोवती रंगीत सावली दिसते. दुसरं कारण पैशाचं आहे. तेच पुस्तक पुढे कोंकणीत, हिंदीत, गोंडीत निघालं तर मजकूर काळ्यात असल्यामुळे चारांपैकी एकच प्लेट बदलावी लागते. नॅशनल बुक ट्रस्टच्या नेहरू बाल पुस्तकालयासारख्या अनेक भाषांतल्या मालिकांत एकाच चित्रसंचावर अनेक भाषा उभ्या राहतात, त्या पद्धतीत हे फार उपयोगी पडतं. रंगीत पट्ट्यावर पांढरी अक्षरं कोरली की मात्र चारही प्लेट नव्या. दुकानाची पाटी, एसटीवरचं गावाचं नाव हेही चित्रात रंगवू नका, वेगळ्या थरात ठेवा.

रंगांत सगळ्यात जास्त निराशा होते. पडद्यावरचा पोपटी आणि झगझगीत केशरी छापील चार शाईंत उतरतच नाहीत. सुरुवातीपासून छपाईच्या रंगव्यवस्थेत बघत काम करा. मॅपलिथो हा बिनचकाकीचा कागद शाई पितो, ठिपके पसरतात, मधल्या छटा गडद होतात, म्हणून त्यासाठी चित्र थोडं उजळ करून द्यावं लागतं. गुळगुळीत आर्ट पेपरवर तेच चित्र फिकं वाटेल. सावळ्या त्वचेत काळ्या शाईचा अंश वाढला की चेहरा राखेसारखा दिसतो. पिवळा आणि मॅजेंटा (गडद गुलाबी) यांवर रंग उभा करून निळा बेताने घाला, काळा जवळपास नकोच. हे तंत्र न जमल्यामुळे पात्र गोरं करून टाकण्याची पळवाट फार वापरली जाते. आपल्या वर्गातली बहुतेक मुलं सावळी असताना पुस्तकातलं प्रत्येक मूल गुलाबी का, याचं उत्तर आपण द्यायला हवं. जलरंगातली मूळ चित्रं मोबाइलने फोटो काढून पाठवू नका, कडा वाकतात. ६०० डीपीआयवर (इंचाला ६०० ठिपके) स्कॅन करा आणि फिकट वॉश, म्हणजे पाण्याने पातळ केलेले रंगाचे थर, उडालेत का, हे मूळ चित्र शेजारी धरून बघा.

आता दराकडे येऊ. १६ पानी पुस्तकाला डमी आणि रेखाटनांना तीन आठवडे, पात्रांच्या तक्त्याला एक, जलरंगात एका स्प्रेडला दोन-तीन दिवस धरून रंगकामाला महिनाभर, मग स्कॅन, सफाई, मांडणी, प्रूफ. अडीच महिने सहज जातात. पानामागे दर ठरवला की यातला पहिला महिना कोणाच्याच हिशेबात येत नाही. पैसे तीन टप्प्यांत ठरवा: डमी मान्य झाल्यावर, रंगीत चित्रं दिल्यावर, पुस्तक छापायला गेल्यावर. डमीनंतर पुस्तक थांबलं तरी डमीचे पैसे चित्रकाराचे. रेखाटनात बदल दोन फेऱ्यांपर्यंत, रंगवल्यानंतरच्या बदलाचे वेगळे.

आणि करार लेखी करा. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम १७ नुसार मोबदला देऊन करवून घेतलेल्या रंगचित्राचा पहिला हक्क, वेगळा करार नसेल तर, करवून घेणाऱ्याकडे जातो. कलम १९ प्रमाणे हक्क दुसऱ्याला द्यायचे तर ते लेखी लागतं. त्यात मुदत लिहिली नसेल तर पाच वर्षं धरली जाते, प्रदेश लिहिला नसेल तर भारत. पहिली आवृत्ती, पुढच्या आवृत्त्या, इतर भाषा, ई-पुस्तक, कॅलेंडर किंवा टी-शर्ट यांचं प्रत्येकाचं वेगळं वाक्य असू द्या. मूळ चित्रं कोणाकडे राहणार तेही लिहा. चित्रकाराचं नाव मुखपृष्ठावर, लेखकाच्या नावाच्याच आकारात यायला हवं, हेही करारातच घाला.