खुलासा: नेट गेलं म्हणून रेकॉर्डिंग थांबत नाही

‘नेट गेलं की वायफाय कॅमेरा आंधळा, रेकॉर्डिंग होतच नाही; डीव्हीआरवालाच घ्या’ असा मेसेज सोसायट्यांच्या ग्रुपवर फिरतोय. (डीव्हीआर म्हणजे कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग हार्ड डिस्कवर साठवणारा वेगळा डबा.) तो अर्धाच खरा आहे.

कॅमेऱ्यात मेमरी कार्ड असेल आणि वीज चालू असेल, तर नेट नसतानाही रेकॉर्डिंग कार्डावर होत राहतं. बंद पडतं ते मोबाइलवर लाइव्ह बघणं आणि अलर्ट येणं. फक्त क्लाउडवर, म्हणजे नेटवरून कंपनीच्या सर्व्हरवर साठवणारं मॉडेल असेल तर मात्र मेसेज खरा ठरतो, म्हणून खोक्यावर कार्डाचा उल्लेख आहे का ते बघा. दुकानदार आपणहून सांगेलच असं नाही.

खरी मेख कार्डाच्या आकारात आहे. 2 एमबीपीएसच्या (सेकंदाला 2 मेगाबिट) हिशोबाने अखंड रेकॉर्डिंग दिवसाला 21-22 जीबी खातं. म्हणजे 64 जीबीचं कार्ड अडीच-तीन दिवसांत भरतं आणि जुनं पुसून त्यावर नवं चढतं. गणपतीला आठ दिवस गावी गेलात आणि चोरी पहिल्याच रात्री झाली, तर परतल्यावर त्या रात्रीचं काही हाती लागणार नाही. शिवाय चोराने कॅमेराच उपटून नेला तर कार्डही गेलं. इथे डीव्हीआरची 1 टीबीची हार्ड डिस्क उजवी, हे मान्य.

वीज गेली तर मात्र दोन्ही ठप्प, आणि मेसेजात याचा उल्लेखच नाही! डीव्हीआर घ्या नाहीतर वायफाय, इन्व्हर्टरची लाइन तिथवर ओढून घ्या. राउटरही त्याच लाइनवर.