बूटच्या ओळी वाचून डिस्क पुसू नका

लिनक्स (विंडोजसारखी एक ऑपरेटिंग सिस्टिम) सुरू होताना पडद्यावरून सरसर जाणाऱ्या ओळींचा ‘खरा अर्थ’ सांगणारा एक मेसेज सध्या फिरतोय: या ओळी म्हणजे व्हायरस किंवा मरायला टेकलेली डिस्क, तेव्हा ती पुसून टाका. काल तो धाकट्या बहिणीकडे पोचला आणि ती विचारतेय, “दादा, डिस्क पुसू का?” म्हणून हे लिहिणं आलं.

‘राइट प्रोटेक्ट इज ऑफ’ म्हणजे म्हणे सुरक्षा बंद. अहो, डिस्कवर लिहिता येतं, एवढंच ती ओळ सांगते.

‘8.05 जीबी/7.50 जीआयबी’ दिसलं तर अर्धा जीबी व्हायरसने खाल्ला! एकच माप, एकदा हजाराच्या पटीत मोजलेलं, एकदा 1024 च्या. पुढे चला.

‘नो कॅशिंग मोड पेज फाउंड, अझ्यूमिंग ड्राइव्ह कॅश: राइट थ्रू’ दिसलं की डिस्क मरायला टेकली, हाही एक शोध. ही ओळ कधीकधी लाल अक्षरांत येते, तेव्हा माणूस दचकतो हे मान्य. पण कर्नलच्या (लिनक्सच्या गाभ्याच्या) सोर्स कोडमधली ‘एसडी डॉट सी’ फाइल उघडून बघा. कर्नल डिस्कला विचारतो, तुझी कॅश (डेटा तात्पुरता ठेवायची जागा) कशी चालते? बऱ्याच पेनड्राइव्हना ते सांगताच येत नाही. मग कर्नल ‘राइट थ्रू’, म्हणजे लिहिलेलं थेट डिस्कवर जातं, असं धरून चालतो. त्याच फाइलमध्ये ‘अटॅच्ड स्कझी रिमूव्हेबल डिस्क’ ही ओळही सापडेल (स्कझी म्हणजे डिस्कशी बोलायची एक पद्धत, रिमूव्हेबल म्हणजे काढता येणारी). डिस्कने स्वतःच ‘मी रिमूव्हेबल’ असं कळवलं, की तो शब्द छापला जातो. कार्ड रीडरच्या रिकाम्या खाचाही तसंच कळवतात. मेसेजमध्ये ज्या ‘चार अनोळखी ड्राइव्ह’ची भीती घातलीय, त्या बहुधा याच खाचा.

आता खरा संताप आणणारा सल्ला: ‘एसडीबी दिसलं की डीडी कमांडने शून्य लिहून टाका.’ म्हणजे अख्खी डिस्क पुसायची! एसडीबी हे लिनक्सने डिस्कला दिलेलं नाव, पण ते काही कुठल्या डिस्कचं कायमचं नाव नाही! ज्या क्रमाने डिस्क सापडतील त्या क्रमाने अक्षरं वाटली जातात. आज एसडीबी म्हणजे पेनड्राइव्ह. उद्या दुसरी डिस्क जोडून मशीन सुरू केलं तर तेच नाव तुमच्या बॅकअपच्या डिस्कला मिळू शकतं. आणि डीडी ‘नक्की का?’ असं विचारत बसत नाही. आधी डिस्कची यादी दाखवणारी ‘lsblk -o NAME,SIZE,MODEL’ ही कमांड चालवून साइज आणि मॉडेल जुळवून बघा, मग काय ते ठरवा.

एक गोष्ट मात्र त्या मेसेजवाल्याची अर्धी खरी आहे. ‘आय/ओ एरर’ (वाचताना-लिहिताना आलेली चूक) किंवा यूएसबी ‘रीसेट’च्या ओळी पुन्हापुन्हा येत असतील तर दुर्लक्ष करू नये. पण तेव्हाही आधी डेटा दुसरीकडे उतरवायचा, मग केबल आणि पोर्ट बदलून पाहायचं. बऱ्याचदा दोष केबलचाच निघतो.