परदेशातून: तीन वर्षांचा प्रोजेक्ट, दहा वर्षांची कंबर

आमच्या एमएस्सीच्या बॅचच्या ग्रुपवर परवा पुन्हा तोच वाद पेटला. एकजण म्हणाला, आपल्याकडच्या एखाद्या विद्यापीठात जुनाट दुखण्यावर संशोधन करणारं मोठं सेंटर पाहिजे, स्वतंत्र इमारत, एमआरआय, सगळं, आता संशोधनाला पैसे देणारं केंद्र सरकारचं अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशन (एएनआरएफ) आलंय, पाच वर्षांचे ५०,००० कोटी म्हणतायत, मग अडतंय कुठे? त्यावर दुसरी उखडलीच, ती सात वर्षं तासिका तत्त्वावर शिकवतेय. म्हणाली, त्या ५०,००० पैकी सरकारचे १४,००० कोटीच, बाकीचे उद्योग आणि देणगीदारांकडून यायचेत, आणि तुझ्या इमारतीत काम करायला माणसं कुठून आणणार, डिपार्टमेंटला कायमचे प्राध्यापक दोन! तिसऱ्याने नेहमीप्रमाणे 'पीएचडी करून काय दिवे लावणार' टाकलं आणि मग काय, रात्रभर टिणटिण चालू. शेवटी मला टॅग केलं, तू तिकडे यातच आहेस ना, बोल आता.

तर बोलते. मी कॅनडातल्या एका विद्यापीठात क्रॉनिक पेनच्या, म्हणजे जुनाट दुखण्याच्या, रिसर्च ग्रुपमध्ये कोऑर्डिनेटर आहे. सायंटिस्ट नाही, पेपरवर माझं नाव असलं तर मधे कुठेतरी. माझं काम म्हणजे पेशंटना फोन करायचे, फॉर्म भरून घ्यायचे, एथिक्स कमिटीची परवानगी संपायच्या आत रिन्यू करायची, आणि २०१९ मधे कुणीतरी 'डावा गुडघा' ऐवजी नुसतं 'गु.' लिहून ठेवलंय त्याचा अर्थ लावत बसायचं. कंटाळवाणं आहे, पण माझ्या मते सगळा प्रश्न याच कंटाळवाण्या कामात आहे.

कारण बघा, दुखणं तीन महिन्यांच्या वर टिकलं किंवा परत परत येत राहिलं की त्याला क्रॉनिक म्हणतात. आयसीडी-११ म्हणजे आजारांची जागतिक यादी, २०२२ पासून लागू झाली, तिच्यात क्रॉनिक पेनला पहिल्यांदा स्वतःचं असं नीट वर्गीकरण मिळालं, आणि काही वेळा दुखणं हाच आजार असतो हे त्यात मान्य केलंय. २०२० मधे जगभरात जवळपास ६१ कोटी ९० लाख लोकांना कंबरदुखी होती असा अंदाज आहे. आता हे दुखणं पाच-दहा वर्षं माणसाच्या मागे असतं आणि त्याचा अभ्यास करणाऱ्या प्रोजेक्टचं आयुष्य तीन वर्षं. त्यातलं पहिलं वर्ष परवानग्या, खरेदी आणि माणूस नेमण्यात जातं, शेवटचे सहा महिने पुढचा अर्ज लिहिण्यात. उरलेल्या दीड वर्षात तुम्ही काय बघणार, कुणाचं दुखणं आपोआप गेलं आणि कुणाचं का मुरलं?

आमच्याकडे हे घडलेलंच आहे. एक ग्रँट संपली आणि पुढची यायला चार महिने लागले. चार महिने म्हणजे काही फार नाही असं ऑफिसातल्या सगळ्यांना वाटलं. पण त्या काळात सहा महिन्यांचे फॉलोअपचे फोन करायला कुणी नव्हतं, माझ्याआधीची मुलगी दुसरी नोकरी धरून गेली, आणि मी आले तेव्हा निम्मे लोक फोनच उचलेनात. उचलले त्यातल्या एक बाई म्हणाल्या, तुम्ही विसरलात ना आम्हाला. मशीन तिथंच होतं हो, चकचकीत, त्याला कव्हर घालून ठेवलेलं!

आणि माणूस बदलला की नुसता फोन नंबर हरवत नाही, मोजमापही हलतं. २०१४ मधे इथल्याच, कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठातल्या जेफ्री मोगिल यांच्या लॅबने दाखवलं होतं की प्रयोग करणारा पुरुष असेल तर उंदीर दुखणं कमी दाखवतात, बाईसमोर तसं होत नाही, आणि पुरुष प्रत्यक्ष लागतही नाही, त्याने घातलेला टीशर्ट जवळ ठेवला तरी पुरे. वासाने ताण येतो आणि ताणाने दुखणं दबतं. (हे वाचल्यापासून आमच्या लॅबमधल्या टीशर्टांवर विनोद थांबलेले नाहीत.) उंदरांची ही गत तर शून्य ते दहात किती दुखतंय हे कोण विचारतंय, कसं विचारतंय, याने माणसाच्या उत्तरात काय काय होत असेल? म्हणून तीच ट्रेन झालेली माणसं, तेच फॉर्म, तीच पद्धत वर्षानुवर्षं टिकवावी लागते.

इथे जिथे ते जमलंय तिथे असंच जमलंय. कॅनडाच्या क्वेबेक प्रांतात २००८ पासून वेगवेगळ्या पेन क्लिनिक्सनी ठरवलं की नव्या पेशंटला सगळीकडे एकच प्रश्नावली द्यायची आणि सहा महिन्यांनी परत विचारायचं. नुसता सामायिक फॉर्म, पण मग एका क्लिनिकचा पेशंट दुसऱ्याच्या पेशंटशी ताडून बघता येतो, आणि पीएचडीच्या पोराला शून्यापासून डेटा गोळा करावा लागत नाही.

म्हणून इकडे सगळं आलबेल आहे असं समजू नका. भारत संशोधनावर जीडीपीच्या ०.६४ टक्के खर्च करतो, कॅनडा दीड टक्क्याच्या वर, हे खरंय, पण इथेही मोठ्या ग्रँटच्या पाच-सहा अर्जांत एखादा लागतो. इथल्या सरकारने २०१९ मधे जुनाट दुखण्यावर काय करायचं ते सुचवायला पेन टास्क फोर्स नेमला, २०२१ मधे त्याचा शेवटचा रिपोर्ट आला, चांगला आहे, पण रिपोर्टने माझा पगार निघत नाही. माझं स्वतःचं कॉन्ट्रॅक्ट दर मार्चमधे संपतं. तासिकावाल्या मैत्रिणीला हे सांगितलं तर म्हणाली, म्हणजे तुमची तासिका वर्षभराची असते एवढाच फरक. मला उत्तर सुचलं नाही. फरक आहे, पैशाचा तर खूपच आहे, पण ती म्हणते ते अगदीच चूक नाही.

इमारतवाल्या मित्राला माझं म्हणणं एवढंच की आधी पाच मेडिकल कॉलेजं आणि एक विद्यापीठ एका फॉर्मवर आणून दाखव. एएनआरएफची ती 'पेअर' नावाची हब अँड स्पोक योजना आहे ना, मोठी संस्था हब आणि राज्य विद्यापीठं स्पोक, त्यातून मशीन मागण्याऐवजी एक संख्याशास्त्रज्ञ, एक डेटा मॅनेजर आणि दोन फिजिओथेरपिस्ट दहा वर्षांसाठी मागा. देणार नाहीत म्हणतोस? बरोबर, इमारतीचं उद्घाटन करता येतं, डेटा मॅनेजरचं कसं करणार.

आणि फॉर्म तरी कुठला? मॅकगिलच्याच रोनाल्ड मेलझॅक यांनी १९७५ मधे जी प्रश्नावली काढली तिच्यात दुखण्याचे ७८ शब्द आहेत, २० गटांत लावलेले. शब्द गोळा करून कुठला किती तीव्र हे लोकांकडूनच ठरवून घेतलं होतं, त्या कामाचा पेपर १९७१ चा. आपण तिचं नुसतं भाषांतर केलं तर वाया. मराठीत दाढ ठणकते, गळू ठसठसतं, जखम चुरचुरते, डोकं भणभणतं, पोटात कळ येते, पाठीत चमक भरते, पायात गोळा येतो, अंग मोडून येतं, कंबर धरते. यातला कुठला शब्द नसेच्या दुखण्याकडे बोट दाखवतो आणि कुठला स्नायूच्या, हे बाहेरचं कुणी येऊन शोधणार नाही, आणि याला एमआरआय लागत नाही. मराठी बोलणारे पेशंट, ऐकणारा माणूस आणि वही लागते.

हे ग्रुपवर लिहिलं आणि झोपले. सकाळी ९४ मेसेज. वाटलं आता एएनआरएफवरून मारामारी झाली असणार. तर इमारतवाला म्हणत होता ठणका आणि ठसठस एकच, तासिकावाली म्हणत होती मुळीच नाही, ठसठस पू झाल्याशिवाय होत नाही, आणि दिवे लावणाऱ्याने आईला फोन करून विचारलं होतं, तिने तिसराच शब्द सांगितला, 'सलतंय'. तो कुठल्या गटात घालायचा यावर अजून चालूच आहे.