बीएसएच्या इंजिनात एमएमचा टॅप घालणं थांबवा!

पुन्हा तेच! जुन्या बीएसए या ब्रिटिश मोटरसायकलच्या क्रँककेसमध्ये (इंजिनाच्या खालच्या कवचात) कुणीतरी ८ एमएमचा टॅप, म्हणजे आटे पाडायचं हत्यार, फिरवलाय. का? तर म्हणे, ‘५/१६ इंच म्हणजे ८ एमएमच की!’ अहो, ७.९४ होतात! आणि आट्यांचं काय? ५/१६ला व्हिटवर्थ या जुन्या ब्रिटिश जाड आट्यांचे इंचाला १८, बीएसएफ म्हणजे ब्रिटिश बारीक आट्यांचे २२, सायकल थ्रेड म्हणजे सायकल-मोटरसायकलींच्या ब्रिटिश आट्यांचे २६. एमएमचे बसणार कुठे? इतकी वर्षं टिकलेलं ॲल्युमिनियम मिनिटात कुरतडायचं आणि वर ‘हेलिकॉइल (खराब आट्यांत बसवायची तारेची गुंडाळी) टाकू’ म्हणायचं!

पाव इंचाला तर कहरच. बीएसएफही २६, सायकल थ्रेडही २६, म्हणून दुकानदार बिनधास्त एकाच्या जागी दुसरा टॅप देतो. आट्याचा कोन कोण बघणार? बीएसएफचा ५५ अंश, सायकलचा ६०! नट अडकला की लोक पाना लावून दाबतात. दाबता कशाला?

‘ब्रिटिश सेट’ म्हणून टॅपचा जो डबा विकतात, त्यात बहुधा व्हिटवर्थ आणि बीएसएफ. सायकल थ्रेड नाहीच! मद्रासच्या जुन्या बुलेटलाही सायकल थ्रेडचे आटे लागतात हो.

नुसते आटे साफ करायला कार्बन स्टील चालतं, पण नवे पाडायला एचएसएस म्हणजे हायस्पीड स्टीलच घ्या. आणि त्याआधी पिच गेज, म्हणजे आटे तपासायची दातेरी पट्टी, लावा. ५५चा वेगळा, ६०चा वेगळा. एवढंही जमत नाही?