आकृतिबंधात नसलेला माणूस

‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ ही म्हण मी सुट्टीवर आलो की पहिल्याच चहाला कुणीतरी मला ऐकवतो. पहिल्या ठिकाणी पोट भरतो आणि दुसऱ्या ठिकाणचा आहे, त्यामुळे हसून घेण्यावाचून इलाज नाही.

मागच्या हिवाळ्यात एमएस्सीच्या वर्गमित्राने एक व्हिडिओ पाठवला. मराठवाड्यातल्या त्याच्या विद्यापीठात भूजलाच्या तपासणीसाठी नवी प्रयोगशाळा उभी राहिली होती. फीत कापली, नारळ फुटला, यंत्राला हळदी-कुंकू लागलं. यंत्र आयसीपी-एमएस, म्हणजे पाण्यातलं आर्सेनिक, शिसं अब्जांशात मोजणारं. मी इथे रोज ज्याच्यासमोर बसतो त्याचंच भावंड. आमच्या ग्रुपवर लगेच दोन तट पडले. एका बाजूचं म्हणणं, सगळं पुण्या-मुंबईलाच का जावं, आता कुठे आमचा अनुशेष भरायला लागलाय. दुसरी बाजू म्हणाली, सहा महिन्यांत धूळ खात पडेल, लिहून ठेवा. मी फक्त एवढंच विचारलं, की यंत्राला लागणारा आर्गॉन वायू कुठून आणणार? त्यावर उत्तर आलं, “तिकडं बसून काय बोलायलास, इकडं येऊन दाखव.”

बोलणं झोंबलं, कारण त्यात खोटं काही नव्हतं. तरी आर्गॉनचा प्रश्न मी सोडणार नाही. हे यंत्र मिनिटाला साधारण पंधरा लिटर आर्गॉन पितं. सात घनमीटरचा सिलिंडर म्हणजे सात हजार लिटर, आठ तासही पुरत नाही. दिवसाकाठी एक सिलिंडर धरला, तर ते आणणारी गाडी, रिकामे परत नेणारा माणूस, बिल मंजूर करणारा कारकून, हे सगळं यंत्राचाच भाग आहे. शिवाय दिवसातून चारदा झटके देणारी वीज, यूपीएसच्या बॅटऱ्या, उन्हाळ्यात एसी बंद पडला की तापणारी खोली, आणि काळ्या मातीवरच्या इमारतीत पावसाळ्यानंतर न लागणारे दरवाजे. व्हिडिओत यातलं काही दिसत नाही.

त्याहून मोठी गंमत पुढे आहे. आपल्याकडच्या विहिरी-बोअरच्या पाण्यात लोकांना सतावणारी गोष्ट फ्लोराइड. किनवटकडच्या गावांत पिवळे, डागाळलेले दात पाहिलेत त्यांना वेगळं सांगायला नको. पिण्याच्या पाण्यात लिटरला 1 मिलिग्रॅमपर्यंत ठीक, दुसरा स्रोत नसेल तर 1.5 पर्यंत, असं भारतीय मानक सांगतं. आणि नेमकं फ्लोराइडच या महागड्या यंत्राला नीट दिसत नाही. हे यंत्र मूलद्रव्यांचे आयन, म्हणजे विद्युतभारित कण, करून मोजतं; फ्लोरिनचा आयन करायला आर्गॉनला लागते त्याहून जास्त ऊर्जा लागते, म्हणून आर्गॉनच्या ज्वाळेत ते जवळजवळ निसटून जातं. त्याच्यासाठी यंत्राच्या किमतीच्या एका कोपऱ्यात येणारा साधा इलेक्ट्रोड पुरतो. बाटल्या घेऊन गावोगाव फिरणारी दोन पोरं मात्र लागतात.

हे मित्राला फोनवर सांगितलं तेव्हा तो चिडला नाही, हसला. “मला माहीत नाही का? पण पैसा नॉन-रिकरिंगमध्ये, म्हणजे एकदाच करायच्या खर्चात आलाय. त्यात यंत्रच घ्यावं लागतं. पोरांचा पगार रिकरिंगमध्ये, तो हप्ता कधी येईल देव जाणे. आणि मार्च एंडच्या आत खर्च दाखवला नाही तर आहे तेही परत.” मी गप्प बसलो. खरेदीच्या जाचाबद्दल तो बोललाच नाही. तिथे निदान काही हललं आहे: केंद्राने जून 2025 मध्ये संशोधन संस्थांना वैज्ञानिक उपकरणांच्या थेट खरेदीची मर्यादा एका लाखावरून दोन लाखांवर नेली, जेम या सरकारी खरेदीच्या पोर्टलबाहेर खरेदीची परवानगी द्यायचा अधिकार कुलगुरूंना दिला. चांगलं झालं. पण जेमवर माणूस मिळत नाही, आणि बाहेरही.

आमच्या इथल्या लॅबमध्ये एक बाई आहेत. पदवी साधी, पद तंत्रज्ञाचं, नोकरी कायमची. प्राध्यापक तीन बदलले, बाई आहेत तिथेच. पंपाचा आवाज ऐकून त्या सांगतात की तेल बदलायला झालंय. मी आलो तेव्हा पहिले दोन महिने त्यांनी मला यंत्राला हात लावू दिला नाही, नुसत्या बाटल्या धुवायला लावल्या. तेव्हा राग आला होता. आमच्या शाळेत ज्याला बुन्सेन बर्नर म्हणायचे, त्याचीही गोष्ट अशीच. 1852 मध्ये रसायनशास्त्रज्ञ बुन्सेन हायडेलबर्ग विद्यापीठात गेला तो नव्या प्रयोगशाळेचं आश्वासन घेऊनच. तिथे शहराचा गॅस आला, आणि काजळी न धरणारी ज्योत देणारा बर्नर प्रत्यक्षात घडवला तो पेटर देसागा नावाच्या विद्यापीठाच्या मेकॅनिकने. नाव राहिलं प्राध्यापकाचं.

इथलं सगळं गोड आहे असं कुणी समजू नये. तंत्रज्ञ कायम, पण आम्ही संशोधक तात्पुरते. पीएचडीच्या आधी सहा आणि नंतर सहा वर्षं कंत्राटावर, मग कायम जागा मिळाली तर मिळाली, असा इथला कायदा. 2021 मध्ये त्यावरून मोठा गदारोळ झाला, मला त्यातली पोस्टर अजून आठवतात. माझंही सहावं वर्ष आता संपत आलं आहे. तेव्हा ‘परत ये’ म्हणणाऱ्यांना माझा एक साधा प्रश्न असतो: कशावर येऊ? तासिका तत्त्वावर?

मराठवाड्याचा अनुशेष 1984 साली दांडेकर समितीने मोजला. सिंचन, रस्ते, वीज, शाळा, दवाखाने. ती मोजणी गरजेची होती. पण तेव्हापासून आपल्याला जे मोजता येतं तेच मागायची सवय लागली: इमारत, कोटी, यंत्र. विद्यापीठाच्या आकृतिबंधात, म्हणजे मंजूर पदांच्या यादीत, ‘उपकरण तंत्रज्ञ’ असं पद नसेल तर ते रिकामंही दिसत नाही. प्राध्यापकांच्या रिक्त जागांसाठी मोर्चे निघतात, निघायलाच हवेत, पण जे पद अस्तित्वातच नाही त्याच्यासाठी कोण मोर्चा काढणार?

हिंगोलीत औंढ्याजवळ लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरी टिपणारी वेधशाळा उभी राहते आहे. दोन भुजा, प्रत्येकी चार किलोमीटर, 2023 च्या एप्रिलमध्ये केंद्राने 2600 कोटींना मंजुरी दिली. ग्रुपवर त्यावरही वाद, की आपल्या पोरांना काय मिळणार, सुरक्षा रक्षकाची नोकरी? एवढ्या लांब नळ्यांत निर्वात टिकवायचं तर वेल्डर, गळती शोधणारे, पंपवाले अनेक वर्षं लागतात. त्यांना शिकवणारा एखादा अभ्यासक्रम जवळच्या आयटीआयमध्ये आजपासून सुरू करता येईल. मला तरी यात खगोलशास्त्रापेक्षा ही गोष्ट जास्त रोमांचक वाटते. मी रसायनवाला आहे, तेव्हा हा पक्षपात समजा.

मित्राच्या लॅबमध्ये असा एक मुलगा होता. बीएस्सी झालेला, अकरा महिन्यांच्या कंत्राटावर. मागच्या उन्हाळ्यात मी गेलो तेव्हा त्याने एक दोनशे पानी वही दाखवली. रोज सकाळी व्होल्टेज किती, सिलिंडरचा दाब किती, कुठल्या दिवशी ज्योत विझली आणि का, सगळं मराठीत, निळ्या शाईत. आमच्या बाईंना दाखवायला मी त्याचे फोटो काढून आणले. त्यांना अक्षर ओ की ठो कळलं नाही, पण आकड्यांवरून बोट फिरवत म्हणाल्या, याला सोडू नका म्हणावं.

निरोप पोचवला. त्याचे तीन महिन्यांचे पैसे तेव्हा अडकलेले होते. दिवाळीनंतर तो वाळूजला एका औषध कंपनीत लागला. वही कपाटात आहे, आणि मित्र सध्या दुसऱ्या यंत्राचं कोटेशन मागवतो आहे, मार्चच्या आत.