फिट येणाऱ्यांसाठी नाकातला स्प्रे घरात असूद्या
नाकातनं औषध देण्यावरचा एक लेख वाचला, त्यात लिहिलंय की असं दिलेलं औषध पोटात न जाता आतल्या नाजूक त्वचेतनं सरळ रक्तात उतरतं, ते आम्ही जांबोटीकडं डोळ्यांनी बघितलंय. माझ्या भाचीला फिट येतात, बेळगावच्या डॉक्टरनी मिडाझोलमचा, म्हणजे फिट थांबवायच्या औषधाचा, स्प्रे लिहून दिलावता, पाच मिनिटांत थांबली नाही तर मारा म्हणून. जूनमधली रात्र, धो धो पाऊस, लाईट गेलेली, पोरीचे दात घट्ट आवळलेले, तोंडातनं काय देणार सांगा? वहिनीनं बाटली आधी हवेत दाबून बघितली, फवारा नीट यायला लागला तसं पोरीला कुशीवर वळवून चिठ्ठीत लिहिलंवतं तेवढंच दोन्ही नाकपुड्यांत मारलं. थोड्या वेळानं हात सैल पडले, आम्ही तवर गाडी काढलेलीच, कारण औषधानं श्वास मंद पडू शकतो, दवाखान्यात दाखवायलाच पाहिजे. शेजारच्या आज्जी कांदा नि चप्पल घेऊन आलेल्या, माया म्हणूनच, पण त्यानं फिट थांबत नाही ओ. डोस वजनावर असतो, दुसऱ्याच्या पोराचा बघून देऊ नका. आणि बाटलीवरची तारीख बघत जावा, आमची संपायला एकच महिना राहिलावता.